बिजागरीच्या बाजूची भोकं

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला हँडलचं भोक पाडायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्याने एकदा पाडून दाखवावं. ड्रिल पलीकडे निघताना टवका उडतो आणि अख्खं दार वाया जातं. म्हणून आमच्या मिस्त्रींची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पद्धत ठरलेली. साचा लावून खूण, खुणेवर चिकटपट्टी, आधी बारीक भोक, मग मोठं. मागून एक टाकाऊ फळी मी दाबून धरायची. ड्रिलचं टोक फळीत शिरलं की तळहाताला कळतं. मी ‘आलं’ म्हणते, ते हात सैल सोडतात. एकवीस वर्षं हेच चाललंय.

गेल्या वर्षापासून ते विसरायला लागले. आधी पेन्सिल कुठे ठेवली ते, मग शेजाऱ्याचं नाव. मागच्या दोन कामांत मापं चुकली, तेव्हा मी ठेकेदाराला बेधडक सांगितलं की खुणा मी केल्या होत्या. काम सुटलं असतं तर हे घरात बसून संपले असते. हातात ड्रिल असलं की अजून माणसात असतात.

आज सहा दारं होती. चिकटपट्टी संपली म्हणून मी आणायला गेले. त्यांना एकटं सोडलं, ही चूक माझीच. तीन दुकानं पालथी घालून परत आले, तर सगळं उरकलेलं. मागे शिकंज्याने फळी आवळून त्यांनी एकट्याने बारा भोकं पाडली होती, तीही चिकटपट्टीशिवाय. टवका म्हणून एक नाही. पण बाराच्या बारा भोकं बिजागरीच्या बाजूला. एक दार कपाटाला जोडून, हँडल बसवून ते ओढत होते. दार उघडेना, तरी पुन्हा पुन्हा ओढत होते.

माझ्या मागोमाग ठेकेदार आत आला.

“हे काय केलंत, मिस्त्री?”

“साचा मीच उलटा देऊन गेले,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते खरंच वाटलं. “एवढी वर्षं झाली, तुला अजून डावं-उजवं कळत नाही?”

मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. आज घेतलं.

“वहिनी, राग मानू नका,” ठेकेदार म्हणाला. “ही तिसरी वेळ. उद्यापासून तुम्ही येऊ नका. मिस्त्री एकटेच येतील.”

“बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाले. “मी बघतो सगळं.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण कित्येक महिन्यांनी ते असे ताठ उभे होते. आणलेली चिकटपट्टी मी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत टाकली.

जिना उतरून आम्ही फाटकाशी आलो, तेव्हा ते थांबले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

“आपलं घर कुठल्या बाजूला गं?”

मी डावीकडे हात केला. उद्या हे कुणाला विचारतील?