दुपट्टा पसरा, सांबार न्या

आठवीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायचे. यंदा नववीत विज्ञान प्रदर्शनात पाच मिनिटं सलग बोलले, आणि तेव्हापासून दीपाचं तोंड बंदच होत नाही, असं आई म्हणते. खरंच आहे. म्हणून तर मी बाबांशी पैज लावली!

झालं असं, की दिग्रसच्या आठवडी बाजारात भोंगा फिरला होता : पातळ पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, सापडली की पहिल्या खेपेलाच पाच हजार दंड. कायदा काही नवा नाही, मी पहिलीत होते तेव्हापासून आहे. पण या वेळी नगरपरिषदेचं पथक खरंच फिरत होतं. माझे बाबा, मारोती भाजीवाले, घाबरून दोन बाजार पन्नीशिवाय बसले आणि दोन्ही वेळा अर्धी वांगी घरी परत आली. गिऱ्हाईक म्हणायचं, "पन्नी नाई? मंग राहू द्या," आणि शेजारच्या सुखीबाईंकडे वळायचं. त्या पोत्यावर बसून पोत्याखालून हळूच पन्नी काढायच्या.

"आज माल उरला तं पुढच्या बाजारी मीबी पन्नी आणतो," बाबा म्हणाले. "दंड झाला तं झाला."

"आन् एकबी वांगं उरलं नाई तं?"

"तं तू म्हणशीन तसं."

मग काय! आमच्याकडे भाजीवर सांबार फुकट मागायची रीतच आहे. (पुण्याच्या मावशीला दर वेळी सांगावं लागतं की सांबार म्हणजे कोथिंबीर.) दोन काड्या हातात पडल्याशिवाय गिऱ्हाईक जागचं हलत नाही. मी रिकाम्या खोक्यावर चढले आणि ओरडले, "दुपट्टा पसरा, सांबार न्या! आपल्या कापडात भाजी नेईन, त्याले मूठभर सांबार फुकट!"

"मूठ कोनाची, तुयी का मायी?" एका आजोबांनी विचारलं आणि आपला भलामोठा पंजा दाखवला.

"मायी!"

आजोबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पसरला. मागोमाग एका काकूंनी पदर पुढे केला. आमच्या शाळेच्या गुरुजींनी तर छत्री उलटी केली. "कापडच आहे नं हे?" ते म्हणाले. आता गुरुजींना नाही कोण म्हणणार?

तासाभरात सांबार संपला! माझं डोकं तेव्हा ठिकाणावर आलं. दिग्रसच्या बाजारात दुपट्ट्याशिवायचा माणूस आणि पदराशिवायची बाई शोधून तरी किती सापडणार? मी अट म्हणून जी घातली होती, ती सगळा बाजार घरूनच पाळून आला होता. इकडे वांगी अजून अर्धी टोपली होती आणि लोक दुपट्टे पसरून उभे.

"बोला आता, वकीलसाहेब," बाबा म्हणाले.

तेवढ्यात सुखीबाई तिथूनच कडाडल्या, "ए छोरी! तू फुकट वाटून राह्यली, मंग माया सांबार कोन घेईन?"

त्यांच्यापुढे सांबाराच्या जुड्यांचा ढीग तसाच पडला होता. मागच्या वर्षीची मी असते तर बाबांच्या पाठीमागे लपले असते. आता सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"मावशी, तुमचा सारा सांबार आमाले द्या. बदल्यात टमाटे घ्या."

"टमाट्याईचं काय करू? आंघोळ करू?"

"विका नं! फक्त पन्नीत नाई."

"आन् गिऱ्हाईक अडून बसलं तं?"

"तं त्याले सांबार नाई."

सुखीबाईंनी आमच्यासमोरची गर्दी पाहिली. "चाल, दे टमाटे," त्या म्हणाल्या. "तसंबी पथकाच्या भेवानं सकाळपासून या पोत्यावरून उठली नाई मी. पायाले मुंग्या आल्या, बाप्पा!"

आणि त्या उठून उभ्या राहिल्या, नेमक्या तेव्हाच पथकाचे साहेब समोर! पन्न्यांचा गठ्ठा उघडा पडलेला. पण सुखीबाईंनी डोळ्याची पापणी न लववता गठ्ठा उचलून साहेबांच्या हातात ठेवला.

"घेऊन जा, साहेब. माया कामाच्या नाईत आता."

साहेबांनी गठ्ठा पाहिला, सुखीबाईंना पाहिलं, दुपट्टे पसरलेली रांग पाहिली. "स्वतःहून दिला म्हणून या वेळी सोडतो, बाई," ते म्हणाले आणि गठ्ठा जप्तीच्या पोत्यात गेला.

मग आम्ही दोघी ओरडत सुटलो. त्या टमाटे, मी वांगी. ऊन उतरेपर्यंत टोपलीत किलोभर वांगी राहिली, आणि परत जाताना साहेबच थांबले.

"द्या ती सगळी."

"कापड, साहेब?" मी हात पुढे केला.

साहेबांनी खिसे चाचपले आणि चौकोनी रुमाल काढला. त्यात चार वांगीही मावेनात! सुखीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, त्यात वांगी बांधली, वर सांबार खोचला आणि गाठोडं साहेबांच्या हाती दिलं.

"पुढच्या बाजारी आणून द्या, साहेब," बाबा म्हणाले. "पन्नी तं आमी ठेवतच नाई."