सेवादास सरचं जुनं तायक्वांदो

आर्णीत तायक्वांदो आलं ते पंक्चरच्या दुकानातून, असं सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. हसू द्या. दारव्हा रोडवर सेवादास राठोडचं दुकान होतं. दिवसभर ट्यूब चिकटवायच्या, चाकं खोलायची, आणि संध्याकाळी सहा वाजले की रॉकेलनं हात धुऊन, पांढरा पोशाख चढवून, कमरेला काळा पट्टा बांधून हा गडी कापूस खरेदीच्या शेडमध्ये उभा राहायचा. एरवी दिवाळी सरली की त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे, कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार नाक्यापर्यंत जाई. पण ते २००५ साल होतं. सरकारी खरेदी नावालाच उरली होती, भाव असा पडला होता की कापूस आणावा की घरातच ठेवावा हे माणसाला कळत नव्हतं. शेड रिकामी. त्या रिकाम्या शेडमध्ये पस्तीस पोट्टे-पोट्ट्या लाथा झाडत. लाथा मारायला पोतीही तिथलीच, कवडी कापूस ठासून भरलेली. डाग पडलेल्या त्या कापसाला नाही तरी कोण विचारत होतं!

नवीन पोरं आली की सेवादास आधी त्यांना खाली बसवायचा आणि गोष्ट सांगायचा. गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. कोरिया नावाचा देश. तिथं जुन्या काळी जवान पोरं डोंगरात जाऊन लाथा-बुक्क्या शिकायची म्हणे. मग जपान्यांनी देश घेतला आणि पस्तीस वर्षं छातीवर बसले. ते गेल्यावर तिथल्या एका फौजी जनरलनं जुनं-नवं गोळा करून त्याला नाव दिलं. ताय म्हणजे पाय, क्वां म्हणजे मूठ, दो म्हणजे वाट. "अन् मंग ते फौजेसंगं देशोदेशी गेलं," सेवादास हात फिरवून सांगायचा, "फिरत फिरत दार्जिलिंगले आलं. दार्जिलिंगचे तमांग सर बुटीबोरीच्या कारखान्यात वॉचमन होते, मी तिथंच हेल्पर होतो. तमांग सरपासून मले भेटलं, अन् माह्यापासून तुमाले." बौद्ध वस्तीतलं एखादं पोरगं विचारायचं, "सर, कोरियात बुद्ध आहे का?" "आहे नं! मोठमोठे विहार आहेत." पोरं खूश, सर त्याहून खूश.

गोष्ट तो तिथंच थांबवायचा. पुढचं सांगत नव्हता, आणि पुढचंच तर महत्त्वाचं होतं! त्या जनरलचं आपल्या सरकारशी फाटलं. तो देश सोडून कॅनडात गेला, संघटना संगं घेऊन गेला. मागे राहिलेल्यांनी दुसरी संघटना काढली. नाव तेच, लाथा त्याच, पण घरं दोन झाली. ऑलिम्पिकात गेलं ते नवं घर, आपल्या सरकारच्या यादीत बसलं तेही नवंच. तमांग सर जुन्या घरचे, म्हणजे आमचा सेवादासही जुन्या घरचा. जुन्या घरात मूठ तोंडाला टेकवली तर गुण मिळतो. नव्या घरात डोक्यावर लाथ मारा, खुशाल मारा, पण हात तोंडाला लागला की गुन्हा.

हे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तीन वर्षांआधी अमरावतीच्या एका शिबिरात अंकुर गावंडे नावाच्या पंचानं त्याला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं होतं. अंकुर पंचविशीतला पोरगा, पण बोलायला नम्र. "दादा, तुमचं काम चांगलं आहे. पण पोरांले पुढं न्यायचं असंन तं आमच्याकडं नव्यानं या लागते. पांढऱ्या पट्ट्यापासून. दोन वर्षांत पुन्हा काळा होते." सेवादास मान डोलावून आला. एस.टी.त बसून आर्णीपर्यंत विचार करत आला. अडतीस वर्षांचा माणूस, गावभर ब्लॅक बेल्टवाले सर म्हणून नाव झालेलं, आणि आता पांढरा पट्टा बांधून त्याच पोट्ट्यांच्या रांगेत उभं राहायचं? लोक काय म्हणतील! उतरला, दुकान उघडलं, आणि गप्प बसला. दोन-चार दिवस मन खात राहिलं. मग तेही थांबलं.

आता पायल. पायल मुनेश्वर तेरा वर्षांची असताना वर्गात आली होती, त्या साली एकोणीसची झाली. तिचा बाप गोविंदा याच शेडमध्ये हमाल होता. कापूस येईना तशी हमाली बसली, आणि तो नाक्यावर पारावर बसू लागला. आई तुळसाबाई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाई. पायलला पोलिसात जायचं होतं. जिल्ह्यातून राज्याला निवड, राज्यात पदक, आणि पदकाच्या कागदावर भरतीतली खेळाडूची जागा, असा सरळ हिशेब तिनं मनाशी धरला होता. दिग्रसचं एक स्थळ मात्र दाराशी येऊन बसलं होतं. पोरगा ट्रॅक्टर चालवायचा, त्याच्या घरचे घाई करत होते.

गोविंदा वाईट नव्हता, थकला होता. एका संध्याकाळी शेडमध्ये आला आणि सगळ्यांसमोर बोलला, "सर, पोरगी राज्याले गेली तं मी लग्नाचं नाव काढत नाही. नाही गेली तं पाव्हण्यायले हो म्हणतो. मले अजून दोघी आहेत मागं."

"जाते का नाही पाहा तुमी!" सेवादास छाती पुढे काढून बोलला. पण जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर होती आणि स्पर्धा नव्या घराची होती.

आणि पायलची उजवी मूठ म्हणजे सेवादासची सहा वर्षांची कमाई! समोरच्याची हनुवटी उघडी दिसली की ती सुटायची, नाकाला टेकून परत यायची. लागायचं नाही, नुसतं कळायचं. "डोक्यानं ठरवू नको वं, तवापर्यंत वेळ जाते. उघडं दिसलं की हात गेला पायजे." हे त्यानं तिच्याकडून रोज शंभरदा करून घेतलं होतं. आता तोच माणूस म्हणू लागला, हात वर न्यायचा नाही.

"काहून सर?"

"या स्पर्धेत तसा नियम आहे."

"आपल्या नियमात तं गुण भेटते नं?"

"हाव. पण या स्पर्धेपुरतं आइक माह्यं."

तिनं ऐकलं. ऐकणारी पोरगी होती. पण हात काही ऐकेना. सराव सुरू झाला की दहातले तीन वेळा मूठ सुटायचीच. शेवटी त्यानं दुकानातली जुनी सायकलची ट्यूब कापून आणली आणि तिची दोन्ही मनगटं कमरेच्या पट्ट्याला बांधली. छातीपर्यंत हात यावा, वर जाऊ नये, असं माप ठेवून. महिनाभर पोरगी बांधलेल्या हातांनी लाथा मारत राहिली. मनगटावर काळे वळ उठले. बारकी पोरं हसायची, "पायलदीदी, चोरी केली का वं?" तीही हसायची. सेवादासला हसू येत नव्हतं. तेव्हा तरी त्यानं खरं सांगायचं! रोज शेडमधून निघताना ठरवायचा, उद्या सांगतो. महिना गेला.

जानेवारीत यवतमाळला स्पर्धा झाली. नोंदणीच्या टेबलावरच पहिला खोडा आला. "हा कोट समोरून उघडा आहे, आमच्यात गळ्यातून घालायचा असते," टेबलावरची बाई म्हणाली. जुन्या घरचा पोशाख. दुसऱ्या क्लबच्या एका पोरीचा ढगळ कोट मागून आणला, बाह्या दुमडल्या, वर छातीचं कवच बांधलं. पायलनं स्वतःच्या कोटाची नीट घडी करून पिशवीत ठेवली.

पण लढली काय बाप्पा! पहिल्या लढतीत दारव्ह्याची पोरगी, दुसऱ्या लढतीत वणीची. दोघींना तिनं नुसत्या पायांनी लोळवलं. हात छातीशी असे धरलेले की अजून ट्यूबच बांधली आहे. सेवादास गादीच्या कडेला शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसला होता. तिथून उठायचं नाही, गादीवर पाय ठेवायचा नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखा. फायनलला यवतमाळचीच निकिता आली, उंच, तयारीची. तिसरी फेरी, शेवटचं अर्धं मिनिट, चार-दोन असे गुण, पायल पुढे. नुसती उभी राहिली असती तरी राज्य नक्की होतं.

"हात खाली! पायल, हात खाली!" सेवादास ओरडत होता.

निकितानं मागच्या पायानं फिरून लाथ मारली. चुकली. तोल जाऊन ती पुढे झुकली आणि तिची हनुवटी पायलसमोर उघडी पडली. त्या क्षणी खुर्चीत बसलेल्या सेवादासचा स्वतःचा उजवा खांदा हलला. त्याला कळलं. पायलच्या आधी त्याला कळलं, आणि त्याला काहीही करता आलं नाही. मूठ गेली. एरवी नाकाला टेकून परत आली असती, पण निकिता अंगावर येत होती. आवाज झाला. मग गादीवर रक्त पडलं.

डॉक्टर आले, बर्फ आला, निकिताला धरून खाली नेलं. तिला पुढं लढता येत नव्हतं. हातानं तोंडावर मारून समोरचीला निकामी केलं म्हणून पायल बाद झाली. पंचानं निकिताच्या बाजूचा हात वर केला. पायल स्वतःच्या मुठीकडं पाहत उभी होती. मग तिनं नियमानं वाकून नमस्कार केला, निकिताजवळ गेली आणि "माफ कर वं ताई" म्हणाली.

सेवादास पळत अंकुर गावंडेकडं गेला. तो आता जिल्ह्याचा मुख्य पंच होता. "सर, चुकून झालं. लेकरू आहे. पुढं होती ती, तुमीच पाह्यलं. काहीतरी करा सर, पाया पडतो." खरंच वाकला. ज्या माणसाला पांढरा पट्टा बांधायची लाज वाटली होती, तो भर हॉलमध्ये त्याच पोराच्या पायाशी वाकला.

अंकुरनं त्याला वर उचललं. रागावला नाही, तेच जास्त लागलं. "दादा, नियम माह्या हातात नाही. पण अमरावतीले मी तुमाले सांगतलं होतं. तीन वर्षं झाले. तीन वर्षांत पोरीचा हात वळला असता."

पायल मागेच उभी होती. हातात पिशवी, अंगात दुसरीचा कोट. तिनं सगळं ऐकलं.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कुठं कुठं बोंडं तशीच, वेचणी परवडत नाही म्हणून सोडून दिलेली. बाहेर पाहतच तिनं विचारलं, "अमरावतीले काय सांगतलं होतं त्यायनं?"

सेवादासनं सांगितलं. सगळं सांगितलं. जनरल, दोन घरं, शासनाची यादी, पांढरा पट्टा. एवढी वर्षं न सांगितलेली गोष्ट अर्ध्या तासात संपली.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं, सर?"

"मले पुन्हा पांढरा पट्टा बांधा लागला असता वं." बोलताना त्याला स्वतःची किळस आली.

पायल हे ऐकून रडेल, चिडेल, दोन शब्द सुनावेल असं त्याला वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मीबी बांधला असता नं तुमच्यासंगं."

आर्णी आली.

स्टँडवर तुळसाबाई उभी होती. वेचणीहून तशीच आलेली, डोक्याच्या फडक्याला कापसाचे तंतू चिकटलेले. जवळ गोविंदा, सदरा धुतलेला, भांग पाडलेला. लेकीच्या चेहऱ्याकडं पाहूनच बाईला समजलं, तरी तिनं विचारलं, "काय झालं वं माय?"

सेवादास पुढे झाला. आता सांगायचंच, लोकांसमोर सांगायचं, असं ठरवूनच तो खाली उतरला होता. "गोविंदाभाऊ, ऐका, यात..."

"हारली मी," पायल मध्येच बोलली. "माहीच चूक झाली, बाबा. सरनं महिनाभर सांगतलं होतं, हात वर नेऊ नको म्हणून. मीच ध्यानात नाही ठेवलं."

सेवादासनं तिच्याकडं पाहिलं. ती त्याच्याकडं पाहत नव्हती. त्याच्या तोंडात शब्द होते, चांगले जमवलेले होते, आणि एकही बाहेर निघेना.

गोविंदानं मान खाली घातली. "ठीक आहे," म्हणाला. "उद्या दिग्रसले निरोप देतो."

तुळसाबाई सेवादाससमोर आली आणि तिनं दोन्ही हात जोडले. "सर, तुमी लय केलं जी पोरीसाठी. सहा वर्षं झीज सोसली. तिनं नाही ऐकलं, लहान आहे, तुमी मनावर नका घेऊ. नाराज नका होऊ तिच्यावर." पदरानं डोळे पुसले आणि बळेच हसली. "अन् लग्नाले मातर या लागते, सर. बुद्धवंदना झाली की आधी तुमचा सत्कार ठेवू. एवढं शिकवलं तुमी तिले."

स्टँडवर माणसं ये-जा करत होती. पायल पिशवी छातीशी धरून उभी होती. सेवादासनं तोंड उघडलं.

"येतो नं, तुळसाबाई," तो म्हणाला. "येतो."