सालेमच्या हातचं जेवण

बकरी मेलेली आहे आणि फुगलेली आहे, हे आम्हाला वरूनच दिसलं. पहिले काही क्षण मला ती कुणाची तरी विसरलेली बॅग वाटली होती. मग वारा फिरला आणि वास वर आला.

आम्ही चौघं होतो. मी, माझा नवरा अंबरीश, आणि आमचे मित्र कुशल आणि सानिका. आम्ही युट्रेख्टला राहतो, ते ॲमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ, बाडहूव्हडॉर्पला. मे महिन्याची सुट्टी होती, नेदरलँड्समधल्या पावसाला सगळेच कंटाळले होते, तेव्हा कुशलने जॉर्डनची टूर काढली. तिथे वाळवंटात एक अरुंद घळ आहे, तळाशी बारमाही पाणी. त्यातून चालत, पोहत जायचं आणि धबधबा आला की दोराने खाली उतरायचं. सकाळी निघून संध्याकाळी हॉटेलवर परत.

गाईडचं नाव सालेम. पन्नाशीचा, किडकिडीत. सोबत त्याचा मेहुणा, तो वरून दोर सांभाळायचा. सालेम पहाटे उठून आमच्यासाठी भात आणि कोंबडी शिजवून आला होता. घळीच्या तोंडाशी आल्यावर जीपमधल्या पातेल्याचं झाकण उघडून आम्हाला कौतुकाने दाखवलंही होतं.

पहिले दोन धबधबे छान गेले. तिसरा मोठा, सहा-सात मजले उंच. तिथेच खाली, जिथे पाय टेकायचे त्याच डोहात, ती बकरी अडकली होती. आठवड्यापूर्वीच्या पुरात वाहून आली असावी.

"मी नाही उतरणार त्या पाण्यात," कुशल म्हणाला. "परत फिरा."

परत फिरता येत नव्हतं. मागचे दोर काढून घेतले होते, आता वाट फक्त खालीच जात होती. सालेमने आम्हाला थांबायची खूण केली आणि एकटाच उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याने बकरीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि ओढलं. अर्ध्यावर तिचं पोट फुटलं. सगळं त्याच्या छातीवर आलं. सानिका माझ्याशेजारी ओकली. मी रुमाल नाकाला लावला.

तो थांबला नाही. बकरी काठावर नेली, कपारीत ढकलली, वर दगड रचले. मग शर्ट काढून वाळूने अंग घासलं. हात, गळा, पुन्हा हात. बराच वेळ घासत होता.

पहिली मी उतरले. पाय पाण्याला लागायच्या आत त्याने पाठ पुढे केली. "बसा. पाण्यात पाय नका घालू," इंग्रजीत म्हणाला. मी त्याच्या पाठीवर बसून डोह ओलांडला. मान वळवून, श्वास कोंडून. त्याचा ओला खांदा गालाला लागला तेव्हा अंगावर शहारा आला. खाली उतरल्यावर मी थँक्यू म्हटलं, पण त्याने पुढे केलेला हात धरला नाही. वाळूत पाय घसरत एकटीच वर चढले.

मग सानिका, मग अंबरीश. शेवटी कुशल, नव्वद किलोचा. त्यालाही सालेमने तसंच आणलं. त्याचा मी फोटो काढला. कुशलने डोळे मिटून घेतले होते आणि सालेमचे गुडघे वाकले होते.

घळ संपली तिथे जीप येऊन थांबली होती; सावलीत सालेमने चटई अंथरली, पातेलं उघडलं. मेहुण्याकडून साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, आमच्या देखत, अगदी सावकाश. मग ताटं भरायला घेतली.

"मला नको," कुशल मराठीत म्हणाला. "त्याच हातांनी वाढतोय रे."

"धुतलेत त्याने," मी म्हटलं.

"धुवून जातं का ते?"

सानिकाने बॅगेतून बाकरवडी आणि खाकऱ्याचं पाकीट काढलं. सालेमचा डाव हवेतच राहिला. अंबरीश त्याला म्हणाला, आमचं पोट बिघडलंय, प्लीज वाईट वाटून घेऊ नका. मी बाकरवडी घेतली. हे मला लिहायलाच हवं, मी ती खाल्ली. सालेम आणि त्याचा मेहुणा थोडं दूर बसून, आमच्याकडे पाठ करून जेवले. पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलंच राहिलं.

जीपमध्ये बसताना कुशलने काच खाली केली. "याला टपावर बसू दे. चाळीस मिनिटं कोण सहन करणार?"

सालेमला मराठी कळत नव्हतं, पण बोट दाखवलेलं कळलं. तो टपावर चढला. दुपारचे तीन वाजले होते. दर खड्ड्याला वरून त्याच्या टाचांचा आवाज येत होता.

"हायजिनचा प्रश्न आहे, बाकी काही नाही," अंबरीश मला हळूच म्हणाला.

माझ्या माहेरी या गोष्टीला हायजिन म्हणत नसत. मेलेलं जनावर ओढणाऱ्यांची वस्ती आमच्या गावात वेगळी होती आणि त्यांना पाणी वरून ओतत. ते सगळं मागे टाकून आम्ही शिकलो, विमानात बसलो, असं मी समजत होते.

तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी आम्ही कुशलकडे जेवायला गेलो. टीव्हीवर जॉर्डनचे फोटो चालू होते, डोक्यावरून विमानं जात होती. पातोड्यांची परात आणि रश्श्याचं पातेलं मध्ये होतं.

"अरे, मी रिव्ह्यू टाकला होता ना, कंपनीचं उत्तर आलं," कुशल म्हणाला आणि फोनवरून आधी स्वतःचा रिव्ह्यू वाचायला लागला. "गाईडच्या अंगाला असह्य दुर्गंधी. मेलेल्या प्राण्याला हात लावून त्याच हातांनी जेवण वाढलं. बघ, काय म्हणतात ते. दिलगीर आहोत, सदर गाईड आता आमच्याकडे काम करत नाही. ॲक्शन घेतली लगेच!"

अंबरीश हसला. "बरं झालं, नाहीतर पुढच्यांना त्रास."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. समोर कुशलची बोटं रश्श्यात बुडालेली होती. नखांपर्यंत लाल, तेलकट. ती बोटं तो चाटत होता. मला ती बघवेनात.

"तुला कुणी आणलं डोहातून?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तू त्याच्या पाठीवर बसून आलास, कुशल. तेव्हा वास नव्हता?"

सानिका म्हणाली, "इरावती, जाऊ दे ना, जेव."

"तेव्हा दुसरा पर्याय नव्हता," कुशल म्हणाला. "आणि ते त्याचं कामच आहे."

मी उठले, हात धुतले, कोट घेतला. अंबरीश मागून बसस्टॉपपर्यंत आला, पण माझ्याबरोबर बसमध्ये चढला नाही. "आपल्या लोकांत असं करतात का?" एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याच रिव्ह्यूखाली सगळं लिहिलं. कुशलचा तो फोटो लावला, आणि स्वतःबद्दलही लिहिलं, रुमाल, हात, बाकरवडी. खाली स्वतःचं पूर्ण नाव दिलं. मग बुकिंगच्या मेसेजमधून सालेमचा नंबर काढून फोन केला.

"नेदरलँड्सहून बोलतेय. बकरी सापडली होती तो दिवस."

"हां, हां. पाठीवरून नेलं, त्यांच्यातल्या?"

"हो."

मी माफी मागितली. तो म्हणाला की बकरी त्याने आमच्यासाठी काढलीच नव्हती. ते पाणी खाली त्याच्या गावात जातं, मुलं पितात. आम्ही नसतो तरी काढली असती. आमच्यासाठी केलं ते जेवण.

"ते तुम्ही खाल्लं नाहीत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्याने मला माफ केलं असंही म्हणाला नाही. कंपनीने परत बोलावलं तर जायचं की नाही, ते त्याने ठरवलेलं नाही.

दोन दिवसांनी कुशलने रिव्ह्यू काढून टाकला, त्यासोबत माझं लिहिलेलंही गेलं. मी ते कंपनीला वेगळं पाठवलं. अंबरीश अजून दर शनिवारी त्याच्याबरोबर बॅडमिंटन खेळायला जातो. परवा म्हणाला, कुशल मोठ्या मनाचा आहे, तुझ्यावर राग नाही त्याचा, पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय.

"तू जा," मी म्हटलं. "मला त्या ताटात जेवता येणार नाही."