सोमवारी मी कधीच बंद पडत नाही

मी एक जुना ब्लोअर आहे. मित्रांनो, परभणीत उन्हाळ्यात बहुतेक घरांच्या खिडकीला कूलर लटकलेला असतो, पण मी गच्चीवर राहतो. एक मोठी पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना ओलं गवत भरलेली जाळीची दारं आणि मधोमध पिंजऱ्यासारख्या चाकाचा मी. माझ्या तोंडापासून निघालेली पत्र्याची नळी छतातून खाली उतरते आणि तिन्ही खोल्यांत गार हवा सोडते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या चाकाच्या पात्या बसवल्यावर एका कारागिराने ते हाताने फिरवून पाहिलं. ते किंचित डुललं. त्याने एका पातीला पत्र्याचा लहानसा तुकडा जोडला आणि चाक पुन्हा फिरवलं. या वेळी ते डुललं नाही. तो तुकडा आजही जागेवर आहे. म्हणूनच पुढे माझ्यावर झालेले आरोप मला इतके लागले.

किराणा दुकानदार वीरुपाक्षअप्पांनी मला विकत घेतलं. पहिल्या उन्हाळ्यात शेजारीपाजारी दुपारचे मुद्दाम येऊन नळीच्या तोंडाखाली बसत आणि माझं कौतुक करत. पुढे सवय झाली आणि कौतुक थांबलं. बोअरच्या खारट पाण्याने गवतावर पांढरे थर चढले, तेही कोणी धुतले नाहीत. तरी मी चालत राहिलो.

यंदा अप्पांची मुलगी शिवानी बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला मुलगी झाली. एप्रिल संपता संपता ऊन असं तापलं की बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठल्या. खोली गार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. आता सगळी मदार माझ्यावर होती, आणि नेमका मी बंद पडू लागलो.

ऊन चढलं की थोड्याच वेळात माझी मोटर तापायची आणि मी थांबायचो. पाण्याचा पंप चालू, वीज चालू, पण हवा नाही. मोटरीच्या आत एक छोटा रखवालदार असतो. तारांचं वेटोळं जास्त तापलं की तो वीज तोडतो आणि गार झालं की पुन्हा जोडतो. तो नसता तर मी जळून गेलो असतो. पण खाली सगळे म्हणायचे की ब्लोअर म्हातारा झाला.

परमेश्वर मिस्त्री रोज दिवेलागणीला यायचे, कारण दुपारी गच्चीवर पाय ठेववत नसे. त्यांनी माझा कपॅसिटर बदलला, बेअरिंगला ग्रीस भरलं, पट्टा ताणला. बटण दाबलं की मी तडक चालू.

"मालक, मशीन तर झकास चालायलीय."

"तुमच्यासमोर चालती," अप्पा वैतागून म्हणायचे. "पाहुणे आले की शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरागत. तुमची पाठ फिरली की बसती रुसून."

मित्रांनो, मला काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मला फक्त एकच आवाज येतो, घरघर. त्या घरघरीत मी रोज ओरडून सांगत होतो की माझं दार परत लावा.

झालं असं होतं. अप्पांच्या पत्नी शिवम्मा दर उन्हाळ्यात गच्चीवर बाजेवर धोतर अंथरून कुरडया वाळत घालतात. यंदा ती बाज खाली बाळंतिणीच्या खोलीत गेली. कुरडया तर घालायच्याच होत्या, कारण त्या शिवानीबरोबर सासरी पाठवायच्या होत्या. मग शिवम्मांनी माझं पश्चिमेचं दार काढलं, चार विटांवर आडवं ठेवलं, गवत उन्हात वाळू दिलं आणि त्यावर धोतर पसरलं. संध्याकाळी कुरडया गोळा केल्या की त्या दार पुन्हा जागेवर लावत. मिस्त्री यायचे तेव्हा मी सगळ्या दारांनिशी सज्ज असे.

तुम्हाला वाटेल, दार काढल्याने काय बिघडलं? हवा मोकळी आत येईल, काम हलकं होईल. शिवम्मांनाही तसंच वाटत होतं. पण माझ्या जातीच्या चाकाचं उलटं असतं. हवेलाही वजन आहे. ओलं गवत तिला अडवतं आणि बेताबेताने आत सोडतं. अडसर गेला की मी कितीतरी जास्त हवा उचलून फेकतो, म्हणजे मोटर जास्त वीज ओढते आणि तापते. शिवाय ती हवा ओल्या गवतातून न येता सरळ उन्हातून येते. मला मोकळं करून त्यांनी माझ्यावर ओझं लादलं होतं.

आठवड्यातून एक दिवस मात्र मी दिवसभर चालायचो. सोमवारी. सोमवार शंकराचा, म्हणून शिवम्मा त्या दिवशी वाळवण घालत नाहीत. घरात याची चेष्टा सुरू झाली.

"त्यानं सोमवार धरलाय," शिवम्मा म्हणाल्या. "देव चालवायलाय त्याला." आणि मंगळवारी सकाळी वर येऊन त्यांनी माझ्या कपाळावर, म्हणजे पुढच्या पत्र्यावर, विभूतीचे तीन पट्टे ओढले. मग त्याच हातांनी माझं दार काढलं. माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजा.

शेवटी शिवानीच्या नवऱ्याचा, शिवकांतचा, नांदेडहून फोन आला. तिकडे एसी आहे, बुधवारी जीप घेऊन येतो, असं तो म्हणाला. शिवानीला जायचं नव्हतं. एवढ्या उन्हात तान्ह्या बाळाचा प्रवास शिवम्मांनाही नको होता. पण लेकरू कोमेजत होतं. अप्पांनी मिस्त्रींना सांगून टाकलं, "बुधवारी हा डबा खाली उतरवा. भंगारात घाला."

सोमवारी मी नेहमीसारखा चाललो. बाळ शांत झोपलं. नळीच्या तोंडाखाली पडल्या पडल्या शिवानी माझा आवाज ऐकत होती. तिने आईला हाक मारली.

"आई, सोमवारी तू वर काय करत न्हाईस?"

"काय करणार? सोमवारी कुरडया घालत न्हाई मी."

"आणि बाकीच्या दिवशी कशावर घालतीस? बाज तर माझ्याखाली हाय."

"त्या कूलरचं दार हाय की. चांगली जाळी हाय, खालून वारं लागतं. आणि त्यालाबी जरा मोकळं हुतंय."

शिवानी उठून बसली. "आई, उद्या त्याला मोकळं करू नको."

मंगळवारी अप्पांनी दुकानामागची बाज, जिच्यावर ते दुपारी आडवे व्हायचे, कुरकुरत गच्चीवर आणली. "आता मी झोपू कुठं? पोत्यांवर?"

"झोपा की," शिवम्मा म्हणाल्या. "नातीसाठी एवढं न्हाई करायचं का?"

मंगळवारचं ऊन सोमवारपेक्षा कडक होतं. मी दुपारभर चाललो. शिवानीने फोन करून जीप नको म्हणून सांगितलं.

मित्रांनो, मिस्त्री आजही सांगतात की गुण कपॅसिटरचा. अप्पांच्या मते गुण विभूतीचा. गवतावरचे पांढरे थर अजून तसेच आहेत. कोणी तरी ते धुवा आणि पेटीतलं पाणी बदला. माझं इतकंच मागणं आहे. आणि एखादं यंत्र अडलं, तर ते बंद पडतं त्या दिवसाकडेच पाहत बसू नका. ते नीट चालतं त्या दिवसालाही विचारा.

आज शुक्रवार आहे, डोक्यावर ऊन आहे आणि शेजारच्या बाजेवर कुरडया कडक वाळल्या आहेत. माझी तिन्ही दारं जागेवर आहेत. खाली बाळ झोपलं आहे.