माझ्या पोटातली काडी

मित्रांनो, आमच्या घरच्या सुनेला एक खोड आहे. कोणतीही वस्तू साफ करायची म्हटली की ती आधी तिचे सगळे सुटे भाग काढते. पडदे धुवायचे तर कड्या काढायच्या, कोट धुवायचा तर बटणं उसवायची. ती लाँड्रीत कामाला आहे, तिथे हे शोभतं. पण एका गुरुवारी तिने माझ्यावर हात चालवला आणि माझ्या चारही तारा एकदम उतरवल्या. माझ्या वयाच्या बाईशी असं वागतात का? तुम्हीच सांगा.

मी एक जुनी चेलो आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल, हनुवटीखाली धरून वाजवतात ते. मी त्याची थोरली बहीण. मला कोणी खांद्यावर घेत नाही. खुर्चीत नीट बसून, गुडघ्यांमध्ये अदबीने धरून, गजाने वाजवावं लागतं. मला अक्षर वाचता येत नाही. समोरच्या कागदावर काय आहे ते वाजवणारा वाचतो आणि मी बोलते. शिकलेल्यांचं माझ्यावाचून अडतं. माझं शाळेवाचून कधी अडलं नाही.

मला एका सुताराने घडवलं. तो एरवी दारं आणि खुर्च्या करायचा. एकदा पाडलेल्या घराची तुळई त्याच्याकडे आली. त्याने तिच्यावर टिचकी मारली आणि ती घुमली. हिच्या खुर्च्या केल्या तर हात झडतील, असं तो बायकोला म्हणाला. दोन हिवाळे तो मला तासत होता. तुळईचं झालं पोट, पाठीला दुसरं कठीण लाकूड लावलं, वर आठ वेळा वार्निश फिरवलं. सगळ्यात शेवटी, पोटावरच्या वळणदार फटीतून त्याने आत एक बोटभर जाड काडी उभी केली.

या काडीकडे लक्ष द्या. ती कुठेही चिकटवलेली नसते. पोट आणि पाठ यांच्यामध्ये ती नुसती ताठ उभी असते आणि तारांच्या दाबाने जागेवर राहते. पोटाची थरथर ती पाठीला पोचवते. ती उभी आहे तोवर मी गाते. ती पडली की मी म्हणजे धान्याची रिकामी पेटी.

सुताराने मला एका सुईणीच्या हवाली केलं. तिला मी बाई म्हणते. बाईने मला चाळीस वर्षं वाजवलं. दर रविवारी आम्ही चौघं चर्चमध्ये वाजवायचो. पहिलं व्हायोलिन शिंप्याचं, दुसरं टपाल वाटणाऱ्या मावशीचं, व्हायोलिनहून जरा मोठा व्हायोला गणिताच्या मास्तरांचा आणि मी. प्रार्थना संपली की शेकडो वर्षांपूर्वीचं संथ, देवाच्या नावाने रचलेलं संगीत. शब्द नसायचे. फादर म्हणायचे, आता बोलणं पुरे, आता ऐका.

त्या चर्चचं छत उंच आहे आणि भिंती दगडी. सूर सोडला की तो वर जातो, तिथे जरा रेंगाळतो, मग सावकाश खाली येतो. घाई केली तर पुढचा सूर मागच्यावर आदळतो. शिंप्याला घाईची फार हौस. त्याला आवरायचं काम आम्हा दोघींचं. खाली मी पाय रोवून होते म्हणून वर त्याला नाचता आलं, पण हे त्याने कधी कबूल केलं नाही. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. संगीत संपल्यावर लोक थोडा वेळ बाकांवरून उठत नाहीत, तीच शाबासकी. कधी कधी तर इतका वेळ उठत नसत की फादरांना खाकरावं लागे.

वाजवायला बसण्याआधी बाई माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची. आत कुठे काही सुटलं असेल तर आवाजावरून कळतं. सुईणीचं बोट ते. आत काय आहे ते बाहेरून ओळखण्यात तिचा जन्म गेला होता.

मग बाईची बोटं आखडली. गज हातातून निसटायला लागला. मी दाराआडच्या कोपऱ्यात गेले. दोन वर्षं माझ्या मानेवर ओले टॉवेल वाळले. बाईचा मुलगा सोन्यासारखा आहे, पण कान दगडाचे. शेवटी सूनच एक दिवस सासूला म्हणाली, मला शिकवाल का? तेव्हापासून त्या दोघी स्वयंपाकघरात कधी भांडल्या नाहीत. जे काही भांडायचं ते माझ्यावरून भांडल्या.

तीन वर्षांत सुनेचा हात तयार झाला. बाईची रिकामी खुर्ची आपल्याला मिळावी, एवढी एकच इच्छा तिने धरली होती. शिंप्याने सांगितलं, या रविवारी वाजवून बघू, शुक्रवारी तालीम. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर माझा एक मित्र आहे, त्याची स्वतःची नवीकोरी चेलो आहे, तो कायमचा येईल. म्हणजे सून घरी आणि मी पुन्हा टॉवेलाखाली.

म्हणून त्या गुरुवारी सुनेने मला नटवायला घेतलं. चारही तारा काढल्या. तारांखालची घोडी हातात आली, तीही पुसली. तेवढ्यात माझ्या पोटात टक् झालं. तिला वाटलं, खुंटी वाजली असेल. तिने सगळं जागच्या जागी लावलं, मला चकचकीत केलं आणि शुक्रवारी तालमीला नेलं.

काय सांगू मित्रांनो. मी तोंड उघडलं आणि डबा वाजला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मावशी खाली बघत राहिल्या. शिंप्याने अर्ध्यातच व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाला, सूनबाई, रविवारी तुम्ही बाकावर बसून ऐका. या पोरीला वाटलं, दोष तिच्या हाताचा. मान खाली घालून तिने मला घरी आणलं. मीच शरमले. हात तिचा चांगला होता हो, पण सांगणार कशी? माझाच आवाज गेलेला.

घरी येऊन तिने सासूला सांगितलं, माझ्या हातात सूर नाही, तुमची तीन वर्षं फुकट गेली. आखडलेलं बोट वाकवून बाईने माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं. आत काडी खुळखुळली.

"तारा कशा काढल्यास? एकेक की एकदम?"

"एकदम," सून म्हणाली. "पडद्याच्या कड्या काढतो तशा."

बाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोधडी अंथरून मला निजवलं. तारा ढिल्या केल्या, पडलेली काडी फटीतून बाहेर काढली. माझा खालचा लोखंडी पाय काढला. त्या भोकातून बाई डोळा लावून आत बघू लागली. मुलगा टॉर्च धरून उभा. सुताराने दिलेला वाकडा आकडा होता, पण बाईच्या बोटांत तो टिकेना. तो सुनेने धरला. काडी आकड्याच्या टोकाला अडकवायची, फटीतून आत न्यायची आणि उभी करायची. ती पडली. पुन्हा पडली. अकरा वेळा पडली. सुनेच्या कपाळावरचा घाम माझ्या वार्निशवर टपकला.

"ढकलू नकोस," बाई म्हणाली. "हात स्थिर ठेव आणि थांब. तिची जागा तिला सापडते."

हे वाक्य तिने आयुष्यात किती जणींना सांगितलं असेल कोण जाणे. चौदाव्या खेपेला काडी उभी राहिली. मग एकेक तार चढली आणि माझ्यात जीव आला.

सून मला घेऊन तडक शिंप्याच्या दुकानात गेली. तो मशीनवर पँट शिवत होता. तिने आर्जव केलं नाही की कारण सांगितलं नाही. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि माझी सगळ्यात जाड तार लांब ओढली. टेबलावरच्या डब्यातल्या टाचण्या थरथरल्या. शिंप्याचा पाय मशीनवरून खाली आला. टाचण्यांच्या डब्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मित्राला नको म्हणून कळवतो."

रविवारी सून बाईच्या खुर्चीत बसली. तिने माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं आणि तिसऱ्या बाकावरच्या सासूकडे पाहिलं. मग आम्ही सुरू केलं. मध्येच शिंपी सवयीने पुढे पळायला लागला. सुनेने मला तसूभर हलू दिलं नाही, आणि तो निमूट मागे आला. शेवटचा सूर छताकडे गेला, रेंगाळला, विरला. कोणी उठलं नाही. फादरांना दोनदा खाकरावं लागलं.

मित्रांनो, घरात एखादी जुनी वस्तू मुकी झाली तर तिला लगेच कोपऱ्यात टाकू नका. दोनदा ठोकून बघा, आत काही पडलं असेल. माणसांचंही तेच.

आता माझं एक बोलणं राहिलंय. चर्चमधून घरी येताना मी सुनेच्या पाठीवर होते, तिचा कान अगदी जवळ. ती ऐको न ऐको, मी खणखणीत बोलले:

"हे बघ सूनबाई, तार बदलायची तर एक उतरव, एक चढव, मगच दुसरीला हात लाव. लाँड्री लाँड्रीत ठेव. वाजवलंस मात्र माझ्या तोलाचं. आता ती खुर्ची सोडशील तर गाठ माझ्याशी आहे."