विहिणीचा सुरा, व्याह्याची पास्ट्रामी

फ्रूमा त्सिपकिननं तीन शहरांतलं मांस खाल्लं होतं, आणि तिन्हींबद्दल तिची मतं पक्की होती. टोरंटोला तिची बहीण दिलेली. तिथं मांस यंत्रावर कापतात. फ्रूमा म्हणायची, त्या कापांतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं, आणि चवही वर्तमानपत्राचीच. न्यूयॉर्कबद्दल ती चारचौघांत एवढंच बोलायची, की जी माणसं मांसात साखर घालतात ती चहात काय घालत असतील देव जाणे. आणि मॉन्ट्रियलबद्दल काय बोलायचं? मॉन्ट्रियलचं मांस म्हणजे तिचं स्वतःचं. स्वतःच्या पोराला कोण नाकं मुरडतं?

तिथल्या मेन रस्त्यावर तिचं दुकान. बैलाच्या छातीचं मांस घ्यायचं, मीठ, मिरी, धणे, लसूण चोळून पिंपात दाबून ठेवायचं. मुरलं की धुरावर चढवायचं. मग वाफेच्या पेटीत असं मऊ करायचं, की नुसता काटा लावला तरी अंग थरथरावं. शेवटी हातानं कापायचं, जाडसर, आणि राय धान्याच्या काळसर पावात मोहरीचं वाटण लावून रचायचं. झालं स्मोक्ड मीटचं सँडविच. गिऱ्हाइकानं फक्त सांगायचं, कमी चरबीचं, मधलं, का चरबीचं. कमी चरबीचं मागणाऱ्याकडे फ्रूमा अशी बघायची, जसा काही तो दवाखान्यातून पळून आलाय.

नवरा इत्झिक होता तोवर सुरा त्याच्या हातात होता. लेक रेझल जन्मली त्या दिवशी त्यानं अख्ख्या रस्त्याला सांगून ठेवलं होतं, की पोरीच्या लग्नात माझ्याच दुकानचं मांस असणार, आणि नवा कोट घालून मीच ते कापणार. इत्झिक गेला. बाई सुरा धरणार म्हटल्यावर रस्त्यावरचे बाकीचे कापणारे हसले. सुरा हातापेक्षा लांब आहे म्हणाले. चार दिवसांत दुकानाला कुलूप लागेल म्हणाले. कुलूप काही लागलं नाही. आता रेझलचं लग्न ठरलं होतं, आणि फ्रूमाला त्यात एकच गोष्ट हवी होती. ते सगळे हसणारे लग्नाला येणार, गळ्याशी रुमाल खोचून बसणार आणि तिच्या हातचं खाणार. बाकी लग्न रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, जसं लावायचं तसं लावू दे.

आडवा आला तो व्याही.

आन्शेल कार्प न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. त्याचंही असंच दुकान, पण त्याच्याकडे पास्ट्रामी. म्हणजे पोटाकडचं मांस, खारट-गोड पाण्यात मुरवलेलं, वरून मिरीधण्यांचा काळा थर. माणूस दाराएवढा, मनानं निर्मळ, पण एकदा बोलायला लागला की वाटावं ब्रुकलिनच्या बाहेर कुणी जेवतच नाही. त्याचा आजाही रुमानियातल्या यासी गावचा आणि फ्रूमाचाही तिथलाच. दोघंही म्हाताऱ्या बदकाचं मांस खारवून धुरावर टांगायचे. आता नातवंडं दोन शहरांत बसून भांडत होती, की खरी विद्या कुणाच्या पेटीतून आली.

खरं सांगायचं तर, मुलाचं घर बघायला गेली होती तेव्हा फ्रूमानं आन्शेलची पास्ट्रामी खाल्ली होती, आणि ती चांगली होती. ताटलीत मिरीचा दाणासुद्धा उरला नव्हता. ही गोष्ट तिनं पोटात ठेवली, पास्ट्रामीसकट.

मार्चमधल्या एका रविवारी अटी ठरवायला दोन्ही घरं फ्रूमाच्या दुकानात जमली. अटी वाचून झाल्या की दोघी विहिणींनी मिळून एक ताटली फोडायची, म्हणजे शब्द पक्का. दारावर ‘बंद’ची पाटी उलटवली होती, तरी बाहेर चिखलबर्फात शेजारपाजार उभा होताच. काच वाफेनं आंधळी झाली की बाहेरून कुणीतरी आशेनं बाही फिरवायचं, पण वाफ आतल्या बाजूला.

आन्शेल रिकाम्या हातानं आला नव्हता. गाडीच्या डिकीत कापडात गुंडाळलेला पास्ट्रामीचा अख्खा तुकडा होता. सरहद्दीवर शिपायानं विचारलं, यात काय आहे. आन्शेल म्हणाला, मुलाकडची इज्जत. शिपायानं एकदा वास घेतला आणि जा म्हणाला. फ्रूमानं तो तुकडा घेतला आणि मुकाट्यानं आपल्या वाफेच्या पेटीत ठेवला, तोही चांगल्या कोपऱ्यात, जिथं वाफ सारखी लागते. भांडण आपल्या जागी, पाहुण्याचा मान आपल्या जागी.

अटी वाचल्या गेल्या. सभागृह कुठलं, रब्बी कोण, पाहुणे कुणाकडचे किती. सगळ्याला माना डोलल्या. जेवणापाशी घोडं अडलं. आन्शेल म्हणाला की पास्ट्रामी ब्रुकलिनहून येईल, त्याची काळजी विहीणबाईंनी करू नये. फ्रूमा म्हणाली की काळजी नाहीच मुळी, कारण मांस इथलंच असेल. तो म्हणाला, कार्पांच्या घरात पास्ट्रामीशिवाय लग्न झालेलं नाही. ती म्हणाली, मग हे पहिलं.

खारवलेल्या काकडीच्या बरणीपाशी रेझल आणि तिचा होणारा नवरा सेमर उभे होते. काकड्या संपत आल्या होत्या.

“आई, काय वाढायचं ते वाढा,” रेझल म्हणाली, “पण लग्न याच वर्षी होऊ द्या.”

फ्रूमानं ताटली काउंटरवर ठेवली आणि सांगून टाकलं, जेवणाचं ठरल्याशिवाय ती या ताटलीला हात लावणार नाही. आन्शेलची बायको गिटल, चिमणीएवढी बाई, तिनं सुस्कारा सोडून कोट परत अंगावर ओढला. ती नवऱ्याला ओळखून होती, बैठक लांबणार.

आन्शेलनं मग लोणी लावून बोलायला घेतलं. म्हणाला, “विहीणबाई, तुमच्या हाताला तोड नाही, मी ब्रुकलिनमध्येही सांगतो. पण तीच तर गोम आहे. लोक तुमचा हात खातात, मांस नाही. माझी पास्ट्रामी आंधळ्यानं कापली तरी पास्ट्रामीच.”

वेल्वल, फ्रूमाचा म्हातारा वाढपी, कुणालाही टाकून बोलल्याशिवाय ज्याला अन्न पचत नसे, तोही हातातलं फडकं ठेवून पुढे सरकला.

“बरं,” फ्रूमा म्हणाली. “मग तुमचं मी कापते. मी काही आंधळी नाही, नुसती बाई आहे, पण तेवढं चालवून घ्या. आणि माझं तुम्ही कापा, व्याहीबुवा. बघू कोण काय खातं ते. ज्याच्या मांसाची ताटली आधी रिकामी, त्याचं लग्नाचं जेवण.”

आन्शेलनं कोट काढून सेमरकडे फेकला. त्याला वाटलं, लग्नाचं जेवण खिशात.

फ्रूमानं पेटी उघडली. वाफ छताला लागली. तिनं आधी पास्ट्रामी घेतली. पोटाकडचं मांस, चरबी आणि मांस पदरापदरानं, आणि धागा सगळा एकाच दिशेनं गेलेला. धाग्याला आडवा सुरा लावायचा आणि कापत जायचं, बस. तिनं आपल्या सवयीनं कापलं, ब्रुकलिनमध्ये कापतात त्याहून जरा जाड. काप सुऱ्यावरून असे उतरले जसे पाहुणे गाडीतून उतरतात, एकेक, सावकाश, कपडे न चुरगळता. वेल्वलनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

“साखर आहे,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “असू दे.”

सगळ्यांचे हात त्या ताटलीकडे गेले. रेझलचासुद्धा. फ्रूमानं ते पाहिलं आणि सुरा पुसला. शब्द तिचाच होता, ज्याची ताटली आधी रिकामी. आणि व्याह्याची ताटली ती स्वतःच्या हातानं रिकामी करवत होती.

तिकडे आन्शेल तिचं मांस कापत होता. सुरुवात झकास झाली. त्याचा हात मोठा, सुरा धारेचा, पहिले काप सरळ पडले. पण छातीचं मांस पोटाच्या मांसासारखं नसतं. त्यात एकावर एक असे दोन तुकडे असतात, मधून चरबीची वाट जाते, आणि वरच्याचा धागा एकीकडे तर खालच्याचा भलतीकडे. अर्ध्यावर आलं की मांस फिरवून घ्यावं लागतं. मेन रस्त्यावर हे कुणी कुणाला सांगत नाही. पाणी खाली वाहतं हे काय सांगायचं असतं? आणि ब्रुकलिनच्या माणसानं जन्मभर पोटाकडचंच मांस कापलेलं. तो तसाच सरळ कापत गेला.

काप पडायचे बंद झाले. दोऱ्या पडायला लागल्या.

गिटलनं एक तुकडा घेतला, बराच वेळ चावला, मग तोंडापुढे हात धरून दातांतून धागा ओढला. सेमरनं होणाऱ्या सासूकडे पाहायचं टाळलं. आन्शेल कष्टी चेहऱ्यानं म्हणाला, की त्याला विहीणबाईंना दुखवायचं नव्हतं, पण हे मांस आहे का सुतळी, हे आता सगळ्यांनीच पाहिलं.

फ्रूमा पलीकडे उभी होती. गप्प राहावं तर तिचं मांस सगळ्यांदेखत सुतळी ठरतंय. बोलावं तर हा म्हणणार, बघा, मांसाला बाईचा हात लागतोच. आणि लाकडी पाटावर इत्झिकच्या पिंपात मुरलेलं ते मांस, त्याची दैना चाललेली. बाहेर काचेला नाकं लागलेली. त्या नाकांमध्ये एखाद-दुसरं त्या हसणाऱ्यांचंही होतं.

ती काउंटरला वळसा घालून आली. आन्शेलला वाटलं सुरा मागणार. त्यानं तो पुढेही केला. तिनं सुऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मांसावर तळहात ठेवला आणि झोपलेल्या पोराला कूस बदलून द्यावी तसं ते हलकेच अर्धं फिरवलं.

“आता कापा,” ती म्हणाली. “तुमच्याच हातानं.”

आन्शेलनं सुरा लावला. सुरा आपोआप खाली गेला. काप पडला. अख्खा, ओला, कडेला मिरीची काळी किनार, मधून चरबीची एक चकचकीत रेघ. त्यानं त्या कापाकडे पाहिलं, मग विहिणीकडे पाहिलं, मग तो काप बोटांनी उचलून तोंडात टाकला.

त्यानं दुसरा काप कापला, खाल्ला. तिसऱ्याला पाव घेतला, मोहरी लावली आणि काउंटरवर कोपरं टेकून उभ्या उभ्याच खायला लागला. मिशीला मोहरी लागली, पुसली नाही. मग आणखी चार काप कापले आणि ताटलीत ठेवायच्या ऐवजी पावावरच रचले.

“हे असं,” गिटल हळूच म्हणाली, “उभं राहून खाणं मी आजवर एकाच दुकानात पाहिलंय. आमच्या.”

वेल्वलनं मान लांब करून पाहिलं. पास्ट्रामीच्या ताटलीत दोन काप शिल्लक होते. स्मोक्ड मीटच्या ताटलीतले सुरुवातीचे काप संपून नुसत्या दोऱ्या उरल्या होत्या, आणि बघता बघता आन्शेलनं त्याही चिमटीनं गोळा करून पावात कोंबल्या. ताटली आरशासारखी झाली. ब्रुकलिननं स्वतःच्या तोंडानं ब्रुकलिनला हरवलं होतं.

“काय म्हणता, व्याहीबुवा?” फ्रूमानं विचारलं.

आन्शेलनं घास गिळला. म्हणाला, “पास्ट्रामी पास्ट्रामीच आहे. ते मी मरेपर्यंत सांगणार.”

“सांगा की.”

“पण लग्न मुलीच्या घरचं. मुलीच्या घरचंच वाढा.” मग जरा अडखळून म्हणाला, “कापायला दुसरा माणूस लागेल तुम्हाला. पाहुणे ढीगभर आहेत. मी उभा राहीन म्हणतो. तुम्ही फिरवून द्या, मी कापतो.”

फ्रूमाच्या छातीत काहीतरी मोठं उघडलं, वाफेच्या पेटीसारखं. पण बाई पक्की. तिनं फक्त एवढंच सांगितलं, की सुरा तिचा असेल, एप्रन तिच्या दुकानाचा असेल, आणि पास्ट्रामी दुसऱ्या दिवशी घरच्या माणसांना वाढली तर तिची हरकत नाही, कारण ती, खरं सांगायचं तर, तिला ब्रुकलिनमध्येही आवडली होती. आन्शेलचं तोंड उघडंच राहिलं. हे आधी का नाही बोललात, असं तो म्हणणार होता, पण गिटलनं त्याच्या पायावर पाय दिला.

“चला, ताटली,” गिटल म्हणाली.

दोघी विहिणींनी ताटली धरली. पांढरी, जाड, दुकानातलीच. सगळे सरकून उभे राहिले. दोघींनी मिळून ती जमिनीवर टाकली. ताटली ठणकन आपटली, उडाली, गोल गोल फिरली आणि रेझलच्या पायाशी शहाण्या मुलीसारखी बसली. टवकासुद्धा उडाला नव्हता.

“मालकीणबाई, दुकानाची ताटली घेतलीत?” वेल्वल म्हणाला. “मी या वर्षानुवर्षं पाडतोय. फुटत असत्या तर तुम्ही मला कधीच हाकललं असतं.”

पुन्हा टाकली. पुन्हा उडाली. आन्शेल म्हणाला मी बघतो, तर दोघी एकदम त्याच्यावर ओरडल्या. हे काम आयांचं. मग फ्रूमा खुर्चीवर चढली. गिटलला हात दिला, तीही शेजारच्या खुर्चीवर चढली. फ्रूमाच्या डोळ्यांसमोर आता काचेचा वरचा भाग होता, जिथं वाफ पोचली नव्हती, आणि तिथून तिला अख्खा मेन रस्ता दिसला: टोप्या, लोकरी मफलर, लाल नाकं, आणि मागं टाचा उंच करून बघणारे ते दोघं-तिघं कापणारे. तिनं त्यांच्याकडे बघत बघत ताटली डोक्याच्याही वर नेली.

“इत्झिक, बघ,” ती म्हणाली, आणि दोघींनी ती वाफेच्या पेटीच्या लोखंडी पायावर फेकली.

अशी फुटली, अशी फुटली, की एक तुकडा काकडीच्या बरणीत सापडला. ‘माझेल तोव’चा, म्हणजे अभिनंदनाचा, गजर बाहेर आधी झाला आणि आत नंतर. रेझल रडली, सेमरनं तिला काकडीच दिली, दुसरं हाताशी काही नव्हतं.

मग कुणीतरी दार ठोठावलं. मग सगळ्यांनीच ठोठावलं. फ्रूमानं पाटी उलटवली आणि दार उघडलं. गर्दी थंडीसकट आत आली. सर्वांत पुढे होता समोरच्या दुकानातला म्हातारा कापणारा, सुरा हातापेक्षा लांब आहे म्हणणारा तोच. त्याला काउंटरमागे एक अनोळखी, दाराएवढा माणूस एप्रन बांधताना दिसला. एप्रनची नाडी कंबरेला पुरत नव्हती.

“कमी चरबीचं, मधलं, का चरबीचं?” त्या माणसानं विचारलं.

“मधलं,” म्हातारा म्हणाला, आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आपण कोण? मुलाकडचे का?”

आन्शेल कार्पनं मांस पाटावर घेतलं, फ्रूमाकडे एक नजर टाकली, तिनं मान हलवल्यावर ते अर्धं फिरवलं आणि सुरा लावला.

“मी मुलीकडचा,” तो म्हणाला.