काटकसरीचा उजेड

धाकट्या जावयाला सासऱ्यांनी ऐन जेवताना विचारलं, "जावईबापू, चार वर्षं झाली इथे राहून. काय उजेड पाडलात?"

सासऱ्यांचा कवळ्यांचा कारखाना होता. दातांचे डॉक्टर तोंडांचे साचे पाठवत, आणि कारखाना त्यांत दात बसवून परत पाठवी. मालकाच्या स्वतःच्या तोंडात मात्र बत्तीसच्या बत्तीस अस्सल होते, आणि हा गिऱ्हाइकांचा अपमान आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता ते घरी बसणार होते आणि किल्ल्या दोन जावयांपैकी एकाला मिळणार होत्या. परीक्षा एकच. दिव्यांचा खर्च निम्म्यावर आणायचा, पण दातांच्या रंगात केसाइतका फरक पडता कामा नये. धाकटा घरजावई. तो हरला तर थोरला मालक होणार, आणि थोरल्याने आधीच जाहीर केलं होतं की मागची खोली त्याला गोदामाला हवी. त्या खोलीत धाकट्याचे बाबा राहत.

पहिली पाळी थोरल्याची. त्याने निम्म्या ट्यूब काढल्या आणि उरलेल्या जागी स्वस्तातले पिवळे दिवे लावले. त्या उजेडात सगळेच दात सारखे दिसायला लागले, त्यामुळे कामाचा वेगही वाढला. मग एका मुख्याध्यापकांची कवळी गेली. कारखान्यात ती मोत्यासारखी होती. मैदानावर भाषणाला तोंड उघडल्यावर ती हिरवी निघाली. ते भाषण शाळेला अजून पाठ आहे.

"काय दिवे लावलेत!" सासरे म्हणाले.

"तुम्हीच लावायला सांगितलेत," थोरला फणकारला. "आणि मी म्हणतो, दात कोरून कुणाचं पोट भरलंय?"

"आपलं भरतं," सासरे म्हणाले. "आपण दातच विकतो. चला, धाकटे पुढे या."

धाकट्याने काम नीट केलं, हे त्याच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. खिडक्यांवर प्लास्टरच्या धुळीचे थर होते, ते धुतले. भिंती पांढऱ्या केल्या. छतावरच्या ट्यूब काढून प्रत्येक टेबलावर एकेक पांढरा दिवा खाली टांगला, दिवसाच्या उजेडासारखा, ज्यात रंग खोटं बोलत नाही. आणि प्रत्येक दिव्याला एक सेन्सर. समोर काही हललं की दिवा लागणार, दोन मिनिटं काही हललं नाही की विझणार. खर्च निम्म्याच्याही खाली आला. दात तर असे जुळायला लागले की खऱ्यांनी लाजावं.

अडचण एकच राहिली. छटाबाई.

छटाबाई प्रत्येक दाताला शेजारच्या दाताची छटा देई. ते करताना ती श्वाससुद्धा बेताने घेई. माशी तिच्या नाकावर बसून, चार घटका आराम करून, ताजीतवानी होऊन उडून जाई. सेन्सरच्या लेखी त्या खुर्चीत कुणी नव्हतंच. दिवा विझे, छटाबाई दचके, आणि पुढच्या दाताला मिशी फुटे.

"जावईबापू," ती म्हणाली, "दात रंगवू की टाटा करू? एकावेळी दोन्ही जमायचं नाही."

सेन्सर स्वस्तातला होता. त्याची दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. वेळ वाढवता येईल असा घेतला तर वाचलेलं सगळं त्यातच जाणार. दिवा कायम चालू ठेवावा तर छटाबाईचाच दिवा सगळ्यांत मोठा, खर्च पुन्हा वर. धाकट्याने तिच्याशेजारी पंखा लावला. तो दिव्यापेक्षा जास्त वीज खायला लागला. मग मांजर आणलं. ते हजर झालं, टेबलाखाली झोपलं, आणि नोकरी सुटेपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही.

तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले. धाकटा तो घरीच विसरला होता. चालून दमले म्हणून छटाबाईशेजारच्या स्टुलावर जरा टेकले. बाबांचा उजवा हात दोन वर्षं थरथरत होता. गुडघ्यावर ठेवला की मुठीत चिमणी धरल्यासारखा फडफडे. बाबा तासभर बसले. दिवा तासभर विझला नाही.

धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही बिनखर्चाचा.

"बाबा, उद्यापासून तुम्ही कारखान्यात यायचं."

"मी? मला काय येतं?"

"बसता येतं ना?"

"बसतोच की दिवसभर."

"मग झालं. इथे येऊन बसा."

बाबा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांना कुणी कुठे वेळेवर बोलावलंय, ही गोष्टच ते विसरून गेले होते. छटाबाई म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताला गुण आहे हो!" तेव्हा ते नव्या नवरदेवासारखे लाजले. कवळ्या बिनमिशीच्या निघू लागल्या.

मग धाकट्याच्या बायकोने घोळ घातला. "हात एवढा हलतो, आणि पोटच्या पोराला दिसत नाही?" असं म्हणून ती बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने फिकट पिवळ्या गोळ्या दिल्या. आठवड्यात हाताची थरथर थांबली. बाबांनी कारखान्यात सगळ्यांसमोर चहाचा कप स्वतःच्या हाताने तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"बघा! टिपूस नाही सांडलं!"

सगळे बघतच होते, तोवर दिवा विझला.

महिनाअखेरीला सासऱ्यांची पाहणी होती. धाकट्याने विचार केला. औषध बंद करावं तर बायको बाटली तपासते. म्हणजे गोळ्या असायला हव्यात आणि नकोतही. कारखान्यात साच्यांचं प्लास्टर सांडलेलं असेच. जो कारखाना दाढ बनवतो त्याला गोळी काय जड? त्याने साचा घेतला, प्लास्टर ओतलं, मधली रेघसुद्धा हुबेहूब उतरली. फक्त रंग पांढराफटक राहिला. तो नमुना घेऊन तो छटाबाईकडे गेला.

"हा कुठल्या तोंडातला हो?" तिने विचारलं. "वाटोळा?"

"परगावचा आहे. ह्या छटेचा करून द्या." आणि शेजारी खरी गोळी ठेवली.

ती रंगवत होती तोवर धाकटा स्वतः तिच्यामागे उभा राहून हात हलवत होता. रंग असा जुळला की डॉक्टरने डोळे मिटून लिहून दिली असती. गुणवत्तेत तडजोड नाही म्हणजे नाही. मग तिला सांगून त्याने तसल्या बाटलीभर करून घेतल्या.

हात पुन्हा सुरू झाला. ह्या खेपेला मानही हलायला लागली.

"औषध लागू पडत नाहीये," बायको म्हणाली.

"जुनं दुखणं आहे. वेळ लागतो."

"आधीची गोळी पाण्याबरोबर विरघळायची रे," बाबा म्हणाले. "ही पोटात जाऊन नुसती बसते."

"ही टिकाऊ आहे, बाबा."

पाहणीच्या दिवशी सासऱ्यांनी कवळी दिव्याखाली पाहिली, मग खिडकीत नेऊन पाहिली. मान डोलावली. मग त्यांची नजर स्टुलावर गेली.

"आमचे व्याही इथे काय करतात?"

"दिवा चालू ठेवतात," धाकटा म्हणाला, आणि त्याने सगळं समजावून सांगितलं.

"एवढं हलतंय. औषध नाही?"

"आहे की," असं म्हणून बाबांनीच खिशातून बाटली काढली. व्याह्यांच्या घरी आपली आबाळ होते असं कुणाला वाटू नये, हा त्यांचा स्वभाव. सासऱ्यांनी एक गोळी घेतली, निरखली, आणि सवयीने अस्सल दातांखाली धरली. कर्र आवाज आला. चाळीस वर्षं तीच धूळ त्यांच्या जिभेवर बसली होती.

"हे आपलं प्लास्टर आहे," ते म्हणाले.

छटाबाईचा कुंचला हवेत थांबला. बाबांनी मुलाकडे पाहिलं. धाकटा मनातल्या मनात भाड्याची खोली शोधायला निघालासुद्धा होता.

"विकत आणलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. सांडलेलं. चाळून घेतलं."

"आणि रंग?"

"उरलेला."

सासऱ्यांनी दुसरी गोळी दिव्याखाली धरली, मग खिडकीत. "दोन्हीकडे एकच दिसते," ते हळूच म्हणाले. त्यांनी कमरेची किल्ल्यांची जुडी सोडून धाकट्याच्या ओंजळीत ठेवली. "व्याही, मुलगा नाव काढणार तुमचं."

"मला वाटत होतं," बाबा म्हणाले, "मीच बरा होत नाहीये."

छटाबाई दगडासारखी बसून राहिली. तिला हलायची गरजच नव्हती.

"मला घरी जायचंय," बाबा म्हणाले. एरवी धाकटा त्यांना हात देऊन उठवी. आता त्याचे दोन्ही हात किल्ल्यांनी भरले होते, आणि त्यांतली तिजोरीची कुठली हे तो शोधत होता. बाबांनी टेबल धरलं, अर्धे उठले, खाली बसले, पुन्हा उठायला गेले. त्या धडपडीने पलीकडच्या रिकाम्या टेबलावरचा दिवा लागला.

"बाबा, सावकाश," धाकटा म्हणाला. "तिकडचा उगाच जळतोय."